मेस्ताचा उजवा डोळा

फिलूनं ओल्या कापसाचा बोळा मामाच्या पापणीवर दाबून धरला, पट्टीची एक कड सुटी केली आणि उरलेली एका झटक्यात ओढली. मेस्त बोनिफासच्या तोंडून जो शब्द निघाला तो इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात चालण्यासारखा नव्हता.

“तितीव, हलू नका. अजून थेंब घालायचेत.”

“भुवई गेली माझी.”

“भुवई परत येते. डोळा उघडा.”

मेस्तानं डोळा उघडला. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग कोकमाच्या आगळासारखा लाल झाला होता. पण दारात, फडक्यात धरलेलं पातेलं घेऊन उभ्या असलेल्या आर्मिंदाचं लक्ष त्या लालीकडे गेलंच नाही. जन्मापासून नाकाशी सलगी करून बसलेला तो उजवा डोळा चक्क मधोमध आला होता. दुसऱ्या डोळ्यासारखाच समोर बघत होता, चारचौघांच्या डोळ्यांसारखा.

“ये आर्मिंदा,” मेस्त म्हणाला. मग त्यानं मान जराशी मागं घेतली. “म्हणजे, या. दोघीही या.”

आर्मिंदानं मागं वळून पाहिलं. मागं बाल्कांवातल्या, म्हणजे ओसरीवरच्या, रिकाम्या बाकाशिवाय कोणी नव्हतं. फिलू हसायला लागली.

“त्यांना एकाचे दोन दिसताहेत, आंटी. डॉक्टर म्हणाले, काही दिवस असंच चालायचं.”

“मग कोणत्या पातेल्यातली पेज खायची ते आत्ताच सांगा,” आर्मिंदा म्हणाली. “दुसरं मी घरी घेऊन जाते.”

मेस्त हसला आणि हसताना डोळा दुखला म्हणून विव्हळला. फिलू मडगावच्या इस्पितळात नर्स होती. मामानं या वयात डोळ्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी म्हणून वर्षभर ती त्याच्या मागं लागली होती, आणि आता काम फत्ते झाल्यावर तिला सगळं समजावून सांगायची हौस आली होती. आतल्या बाजूचा स्नायू सैल करून मागं नेऊन शिवला, बाहेरचा आखूड केला, टाके आपोआप विरघळतील, असं तिनं बोटं नाचवत सांगितलं.

“एक तार उतरवली, एक चढवली,” मेस्त म्हणाला. “आता सूर लागेपर्यंत थांबायचं.”

“पण दोन-दोन का दिसतं?” आर्मिंदानं विचारलं.

“लहानपणापासून डोळा वाकडा असला ना, की दोन डोळ्यांची दोन वेगळी चित्रं येतात. मेंदू वैतागतो. मग तो वाकड्या डोळ्याचं ऐकायचंच सोडून देतो. आता डोळा सरळ झाल्यावर तो पुन्हा बोलायला लागलाय, म्हणून हा गोंधळ.”

आर्मिंदानं पातेलं टेबलावर ठेवलं. झाकण नीटच बसलेलं होतं, तरी तिनं ते उचलून पुन्हा बसवलं.

“म्हणजे आधी त्या डोळ्याला दिसत नव्हतं?”

“दुसरा डोळा झाकला तर दिसायचं. दोन्ही उघडे असले की काही नाही. नुसता शोभेला. आणि शोभेला तरी कसला!”

फिलू आपल्याच विनोदावर हसली. मेस्त हसला नाही. तो चमचा शोधत होता, आणि दोनांपैकी खोट्या चमच्यावर त्याची बोटं आपटत होती. एरवी आर्मिंदानं चमचा उचलून त्याच्या हातात दिला असता. त्या दिवशी ती “शिलाई पडलीय” म्हणाली आणि पायऱ्या उतरून निघून गेली.

शिलाई पडलेली होती हे खरं. मुलींच्या पहिल्या कोमुन्यांवाचे, इगर्जीत पहिला प्रसाद घेण्याच्या विधीचे, झगे शिवावेत तर आर्मिंदानं, असं सगळं गाव म्हणे. पण त्या दुपारी मशीनसमोर बसून तिनं एकही टाका घातला नाही.

तिची गोष्ट अशी होती की ती कोणाला सांगता आली नसती. मेस्त, म्हणजे मास्तर, इगर्जीच्या गायकवृंदाचा प्रमुख. व्हायोलिन वाजवतच तो गाणं चालवी, त्यामुळे दोन्ही हात गुंतलेले. कोणी कधी सुरू करायचं याची खूण हनुवटीनं आणि डोळ्यानं. आता खूण करायला डोळे दोन आणि दोघांच्या दिशा दोन, म्हणजे पंचाईतच. म्हणून नवा गाणारा आला की तेनोरांमधला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजातला, कामिल त्याला जिन्यातच गाठून मंत्र देई, “डावा डोळा मेस्ताचा, उजवा देवाचा. उजव्याच्या नादी लागायचं नाही.” आर्मिंदा आली तेव्हा कामिल गालगुंडं सुजून घरी पडला होता. तिला मंत्र मिळालाच नाही. आल्तांच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातली खुर्ची तिच्या वाट्याला आली. तिनं बसून वर पाहिलं तर मेस्ताचा उजवा डोळा थेट तिच्यावर होता.

पहिल्या एक-दोन तालमींना ती चुकली. मग जी जमली ती जमलीच. तो डोळा तिच्यावर येऊन स्थिरावला की तिनं श्वास घ्यायचा, आणि बाकीच्या आल्तांनी तिच्या श्वासावर सुरू करायचं. कामिलचा मंत्र पुढं तिच्याही कानावर आला. सगळ्यांबरोबर ती हसली आणि विसरून गेली. मंत्र त्यांच्यासाठी ठीक होता. आपल्यावर कोण बघतं हे माणसाला कळत नाही का?

मग एकदा वहिनीनं स्थळ आणलं. आगबोटीवर आचारी होता, कुंकळ्ळीचा, माणूस भला. बोलताना फरशीकडे बघायचा, पण तो लाजरेपणा होता. आर्मिंदानं नाही म्हटलं. आई आजारी आहे असं कारण दिलं, आणि आई खरंच आजारी होती, म्हणून कोणी पुढं काही विचारलं नाही. खरं कारण हे की दर शनिवारी एक डोळा तिच्यावर येऊन बसत असे, आणि तो तिचे सुया टोचून खरखरीत झालेले हात बघत नसे, पुढचा तुटका दात बघत नसे, फक्त तिला बघत असे. त्यापलीकडे मेस्तानं कधी अवाक्षर काढलं नाही, आणि तिनंही अपेक्षा केली नाही. तिला तेवढं पुरत होतं. पुरत होतं याचा तिला मनातून अभिमानच होता.

आणि आता फिलू म्हणत होती, तो डोळा उघडा होता, पण बघत नव्हता.

तीन-चार आठवड्यांनी तालीम पुन्हा सुरू झाली तोवर मेस्ताच्या डोळ्याची लाली उतरली होती आणि दोनाचं एक झालं होतं. इगर्जीचा वार्षिक सण म्हणजे फेस्त तोंडावर आलं होतं. जिन्यावरून वरच्या सज्ज्यात येणारा प्रत्येक जण मेस्ताच्या तोंडाकडे बघून थबकत होता.

“मेस्त, तुम्ही दहा वर्षांनी लहान झालात,” सोप्रानांमधली, बायकांच्या वरच्या आवाजातली, एक जण म्हणाली.

“पण आता आमचे हाल,” कामिल म्हणाला. “पूर्वी तुम्ही रागानं बघितलंत की आम्ही म्हणायचो, शेजाऱ्याकडे बघताहेत. आता सुटका नाही.”

मेस्तानं व्हायोलिनचा धनू त्याच्याकडे रोखला आणि सगळे हसले. आर्मिंदा आपल्या खुर्चीवर बसली होती. वाटेत तिनं स्वतःची समजूत घातली होती. मेंदूचं काय ते मेंदूला ठाऊक, मनाचं कुठल्या डॉक्टरला कळतं? आज दोन्ही डोळे सरळ आहेत. आज तो बघेल, आणि कळेल.

जुन्या गाण्यांना काही अडचण आली नाही. ती सगळ्यांनी एकदम उचलायची, आल्तांनी बाकीच्यांबरोबर; बाकीचे डाव्या डोळ्यावर चालणारे, आणि डावा होता तिथंच होता. मग फेस्ताचं खास गाणं, मोतेत, निघालं. ते आल्तांनी एकट्यांनी उचलायचं, बाकीचे मागून येणार. मेस्तानं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं, धनू उचलला, हनुवटी झुकवली आणि बघितलं.

आल्त आणि तेनोर यांच्या मधल्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात सांत आंतोन या संताचा लाकडी पुतळा उभा होता. मेस्त त्या सांत आंतोनच्या पायांकडे बघत होता. दोन्ही डोळ्यांनी.

धनू फिरला. व्हायोलिन एकटंच दोन पावलं चालून गेलं आणि थांबलं.

“आल्त?”

“मेस्त, खूण कुठाय?” आर्मिंदाच्या शेजारणीनं विचारलं.

“केली ना.”

“कोणाला केलीत?” कामिल म्हणाला. “सांत आंतोनला? तो बिचारा लाकडाचा, तो काय गाणार!”

सज्जा हसून हलला. मेस्तही हसला, पण त्याचे कान लाल झाले. “पुन्हा,” तो म्हणाला. पुन्हा धनू उचलला, पुन्हा हनुवटी झुकली, आणि पुन्हा त्याचे डोळे कोनाड्यात जाऊन पडले. या खेपेला त्याचं त्यालाच कळलं. त्यानं मान झटकली, एकदा आर्मिंदाच्या दिशेनं नजर वळवली आणि तिच्यापर्यंत पोचायच्या आतच परत घेतली.

“राहू दे,” तो म्हणाला. “मी पाय आपटतो. चौथ्याला उचला.”

चौथ्याला त्यांनी उचललं. लंगडत का होईना, मोतेत पार पडलं. आर्मिंदा गायली, तोंड गात होतं. तिला सगळं लख्ख दिसलं होतं. खूण करताना मेस्त सांत आंतोनकडे बघत होता. आज नव्हे, नेहमीच. डोळा वाकडा म्हणून तो आपल्या अंगावर सांडत होता, एवढंच. भांडं कलतं ठेवलं की पाणी ज्या बाजूला सांडतं त्या बाजूला आपण बसलो होतो. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय!

घरी येऊन तिनं एका झग्याला बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली. तेव्हा मात्र तिला रडू आलं. मेस्तानं काही फसवलं नव्हतं, कधी काही कबूल केलं नव्हतं. रडायचं तर कोणाच्या नावानं, हे कळेना म्हणून ते जास्तच आलं. एका न बघणाऱ्या डोळ्याच्या भरवशावर तिनं एका, फरशीकडे का होईना, बघणाऱ्या माणसाला नाही म्हटलं होतं, आणि या वयात त्याचं हसूही करता येत नव्हतं.

पुढच्या तालमीला तिनं घसा धरल्याचा निरोप पाठवला. त्याच्या पुढच्या तालमीलाही तोच घसा. आल्तांचं गाडं अडलं. तिच्या श्वासाशिवाय त्यांना पाय आपटूनही सुरू करता येईना. फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, नवेन, दोन दिवसांवर आला तेव्हा भर दुपारी मेस्ताची स्कूटर तिच्या दाराशी येऊन थांबली. व्हायोलिनची पेटी पायांमध्ये धरलेली होती.

“घसा कसा आहे?” त्यानं बाल्कांवातल्या बाकावर बसत विचारलं.

“आहे तसाच.”

“आवाज तर बरा येतोय.”

“बोलायचा आवाज वेगळा. गायचा वेगळा.” आर्मिंदा दारातच उभी राहिली. “या वर्षीपासून मला सोडा मेस्त. कोणी तरुण मुलगी घ्या.”

 पेटीची कडी मेस्तानं उघडली, लावली, पुन्हा उघडली. शेजारच्या अंगणात कोणीतरी भाताची पेज निवत ठेवून कुत्र्याला हाकलत होतं.

“त्या दिवशी मी चुकलो म्हणून?”

“चुकायचं काय त्यात? तुमची खूण तिथंच होती. मीच समजत होते की...” तिनं पदराची कड मुठीत धरली, आणि मग बोलायचंच ठरवलं. झाकून ठेवण्यासारखं आता राहिलं काय होतं? “मी समजत होते तुम्ही माझ्याकडे बघता. इतकी वर्षं. फिलू म्हणाली त्या डोळ्याला दिसत नव्हतं. आणि दिसणारा डोळा सांत आंतोनवर होता. तर मग झालं. मला आता त्या खुर्चीत बसवत नाही.”

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता हा उठेल, पेटी उचलेल आणि जाईल. फार तर हसेल.

“तू आलीस त्या वर्षी,” मेस्त हळू म्हणाला, “मी तुझ्याकडे नीट बघून खूण केली होती. डाव्या डोळ्यानं. तू सूर उचललाच नाहीस. दुसऱ्या तालमीलाही नाही. मग माझ्या लक्षात आलं, तू उजव्याकडे बघतेस.”

“मला कोणी सांगितलं नव्हतं.”

“मी सांगणार होतो. जिन्यात थांबलो पण होतो.” त्यानं मान खाली घातली. “लोक तो डोळा टाळायचे, आर्मिंदा. बोलताना दुसऱ्या डोळ्याकडे बघायचे, नाहीतर माझ्या खांद्याकडे. आई तेवढी बघायची, ती पण कीव करून. मुलगी बघायला गेलो होतो एकदा. विचारलं, गाता येतं का? तर शेजारी बसलेली तिची आत्याच म्हणाली, थोडं थोडं.”

आर्मिंदाला हसू आलं. तिनं ते गिळलं.

“आणि तू,” मेस्त म्हणाला, “तू त्या डोळ्यात बघत होतीस. मी तिथंच आहे असं समजून. मला सांगवेना.”

“म्हणून?”

“म्हणून मी फिलूला घेऊन सज्ज्यात गेलो. ती तेव्हा एवढीशी होती. तिला तुझ्या खुर्चीत बसवली, मी माझ्या जागी उभा राहिलो, आणि विचारत गेलो. आता तुझ्याकडे बघतोय का? आता? खिडकीकडे बघितलं तर ती म्हणे, नाही. तेनोरांकडे बघितलं, नाही. सांत आंतोनच्या पायाशी बघितलं तेव्हा म्हणाली, हो तितीव, आता माझ्याकडे बघताय.”

आर्मिंदा दारातून पुढं आली आणि समोरच्या बाकावर बसली. समोर एक वेफरवाला सायकलवरून घंटी वाजवत गेला.

“म्हणजे तुम्हाला मी दिसत नव्हते.”

“नाही. तू गायला लागलीस की मला लाकडी पाय दिसायचे. त्यातल्या एका अंगठ्याचा टवका उडालाय, तो मला तोंडपाठ आहे. तुझा आवाज यायचा. आणि तुला वाटायचं की मी बघतोय, हे मला ठाऊक असायचं. तेवढं पुरायचं मला.”

ते शब्द आर्मिंदाच्या चांगलेच ओळखीचे होते. दुसऱ्याच्या तोंडून ते इतके केविलवाणे वाटतील असं तिला वाटलं नव्हतं. तिला त्याचा राग आला, खूप राग आला, आणि त्या रागाबरोबर छातीत इतकं काही मोकळं झालं की बाकाची कड धरून ठेवावी लागली.

“खुळे आहात तुम्ही,” ती म्हणाली. “दोन शब्द बोलायला काय झालं होतं?”

“काही नाही. जमलं नाही.”

“मग आता कशाला सरळ करून घेतलात? चाललं होतं ना तसंच चालू द्यायचं!”

“फिलू मागं लागली.”

“फिलू वर्षभर मागं लागली होती. तुम्ही कोणाचं ऐकणाऱ्यातले नाही.”

मेस्तानं पेटीची कडी सोडली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, तालीम सुरू करण्याआधी ठेवायचा तसे.

“साठी जवळ आली,” तो म्हणाला. “एका सकाळी दाढी करताना मनात आलं, आपण गेलो तर आर्मिंदा गाताना कशी दिसते हे आपल्याला ठाऊकच नसणार.”

त्यानं मान वर केली. दोन्ही डोळे एकाच वेळी वर आले, आणि कुठं न अडखळता, कुठं न वळता तिच्यावर येऊन थांबले. उजव्याच्या कोपऱ्यात अजून टाक्याचा लालसर ठिपका होता. आर्मिंदानं या डोळ्यात कितीदा बघितलं होतं! पापणी न हलवता, बेधडक, सगळ्या इगर्जीसमोर. आता तिची नजर त्याच्या शर्टाच्या गुंडीपर्यंत गेली आणि तिथून वर सरकेना. तिला आपले खरखरीत हात आठवले, तुटका दात आठवला. तिनं हात पदराखाली घेतले आणि ओठ मिटले.

“वर बघ की,” मेस्त म्हणाला.

“थांबा जरा,” आर्मिंदा म्हणाली. “सवय नाही मला.”